एक डोळा बाकी

मार्थाबाई पाटोळे गेल्या, त्यानंतरच्या रविवारी बडोद्याच्या फतेगंजातल्या त्यांच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तिथं त्यांचा सख्खा धाकटा भाऊ सॅम्युअल, म्हणजे सॅम, माइकसमोर उभा राहिला, खिशातून घडी घातलेला रुमाल काढला आणि म्हणाला, "ताई अत्यंत शांत, सोशिक आणि प्रेमळ स्वभावाची होती."

मी खुर्चीसकट मागे पडलो नाही, याचं एकच कारण. मंडपवाल्यानं खुर्च्या दोरीनं एकमेकींना बांधल्या होत्या.

थापा मारण्याला माझा विरोध नाही. मी दांडिया बाजारातल्या मोहित्यांच्या घरात वाढलो. आमचे खापरपणजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि त्यांनी एकाच दिवशी वाघ, दरोडेखोर आणि विश्वामित्रीचा पूर या तिघांना एकट्यानं परतवलं, असं आमच्याकडे लहान मुलांना जेवताना सांगतात. प्रत्यक्षात ते घोड्यांना चंदी घालायचे. तेव्हा थाप मला कळते. थापेत माणूस वाढायला हवा. सॅमनं थाप मारून आपली बहीण एवढीशी केली, देवघरातल्या निरांजनाएवढी. याचा मला तेव्हा राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. उतरायच्या आत लिहून टाकतो.

शांत म्हणे! बाई घरी, वासण्यात ओरडल्या की शहराच्या दुसऱ्या टोकाला फतेगंजात दूध नासायचं. बँकेत त्या शिरल्या की मॅनेजर जेवायला जायचा, मग सकाळचे अकरा का वाजलेले असेनात. शेअर रिक्षात तिघांच्या जागी चौथा माणूस कोंबणाऱ्या रिक्षावाल्याला त्यांनी एकदा असं झापलं की तो चौथाच नव्हे, आधीचे दोघेही उतरून चालत गेले. उंची पावणेपाच फूट, चष्मा जाड, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. लग्न केलं नाही. का, असं विचारणारा एक जण होता म्हणतात. तो बडोदं सोडून गेला.

आमची ओळख कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसातली. कॉम्प्युटर यायच्या आधीचा जमाना. मी ड्राफ्ट्समन, म्हणजे यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग पेन्सिलीनं काढणारा. बाई ट्रेसर. माझ्या कागदावर पारदर्शक कापड पसरायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईनं जशीच्या तशी गिरवायची. बाईंची रेघ अशी गुळगुळीत की त्यावर बसलेला डास घसरून पडायचा. डासाचं नाव आलंच आहे तर सांगतो. एकदा माझ्या ड्रॉइंगवर मी एक डास मारला आणि घाईत तसाच कागद पुढे पाठवला. बाईंनी ट्रेसिंग केलं, निळ्या प्रती निघाल्या, कारखान्यात भाग तयार होऊन आले, आणि प्रत्येक भागाला एक भोक जास्त! पाहतो तर माझ्या डासाच्या जागी बाईंनी सुबक वर्तुळ काढलेलं, मध्यबिंदूसकट.

साहेबांनी दोघांना उभं केलं. मी म्हटलं, "बाई, डास आहे हे दिसत नव्हतं?"

"दिसत होतं ना."

"मग?"

"मूळ कागदावर जे आहे ते काढायचं, हे माझं काम. त्यातलं काय खरं नि काय डास, ते ठरवणं तुमचं काम. ते तुम्ही केलं नाहीत. माझ्यावर कशाला डोळे काढता?"

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. त्या मनापासून रागावल्या होत्या. दुसऱ्याच्या कामात आपली अक्कल घालणं हे त्यांच्या लेखी सगळ्यात मोठं पाप होतं, आणि मूळ खराब ठेवणं दुसऱ्या नंबरचं.

मग कॉम्प्युटर आले आणि ट्रेसर लोकांना फायलींच्या खोलीत नेऊन बसवलं. बाईंचा हात रिकामा झाला. जेवणाच्या सुट्टीत त्या डब्याच्या झाकणावर बोटानं रेघा ओढत बसायच्या. तशात ऑफिसातल्या एका मल्याळी मुलीचं लग्न निघालं, रिफायनरीच्या बाजूला केरळी लोकांचं चर्च आहे तिथं. आम्ही दोघं गेलो. आत एक लाकडी पाट टांगलेला. त्यावर सोनेरी पार्श्वभूमीवर येशूचा चेहरा, नुसता समोर बघणारा. लग्न लागलं, लोक जेवले, वधूवर गेले, मंडपवाल्यांनी खांब उपटले, तरी बाई तिथंच. त्यांचं मूळ घराणं नगरकडचं, चार पिढ्यांचं प्रॉटेस्टंट. त्यांच्या मंडळीच्या भिंतीवर फक्त घड्याळ. पांढऱ्या दाढीचे वयस्कर पाद्री दिवे मालवायला आले. केरळी लोक त्यांना अच्चन म्हणत, म्हणजे बाप.

बाईंनी विचारलं, "फादर, इसका ओरिजिनल किधर है?"

अच्चन म्हणाले, "ये कॉपी है. जिससे किया वो भी कॉपी. उसका भी कॉपी."

"लेकिन ओरिजिनल?"

अच्चननी वर बोट दाखवलं.

बाईंनी वर पाहिलं, पंख्याकडे, छताकडे, मग आणखी वर. आणि म्हणाल्या, "अच्छा. फिर पहला ट्रेसिंग किसने किया?"

अच्चन खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. नंतर कळलं, आयुष्यभर ते या प्रश्नाची वाट बघत होते. तरुणपणी परदेशातल्या एका मठात ते हे काम शिकले होते, आणि बडोद्यात कुणी शिकायला मिळत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून बाईंची शाळा सुरू झाली.

त्या पाटाला ते लोक आयकॉन म्हणतात. ते चित्र नव्हे, हे मला बाईंनी ओरडून ओरडून शिकवलं. ती प्रार्थना आहे, फक्त तोंडाऐवजी हातानं केलेली. फळीवर मलमल चिकटवायची, तिच्यावर सरस नि खडूच्या भुकटीचे आठ थर, प्रत्येक थर वाळवून घासायचा. सोन्याचा वर्ख बसवायचा तिथं तांबड्या मातीचा लेप, आणि त्यावर घशातून ऊन श्वास सोडायचा. त्या वाफेनं वर्ख धरतो. रंग खनिजाचे, मातीचे, आणि ते कालवायचे अंड्याच्या पिवळ्या बलकात. उपास करायचा. सही करायची नाही. आपल्या डोक्यातलं काही घालायचं नाही, मुळात आहे तसं काढायचं. इथवर बाईंना सगळं आयतंच होतं. प्रत्येक फटकाऱ्यासरशी त्या पुटपुटत, "प्रभू येशू, माझ्यावर दया कर." सूर मात्र वीज गेल्यावर 'लाइट कधी येणार?' असं विचारणाऱ्याचा. पण थांबायच्या नाहीत. दिवसाला हजार वेळा. मी मोजले नाहीत, पण दोन हजार असतील.

घोडं अडलं ते शेवटच्या नियमावर. चेहरा सुरू करायच्या आधी, ज्याच्याशी भांडण झालंय त्याच्याकडे जाऊन समेट करून यायचा. कुणाचा तुमच्यावर राग असेल तोवर चेहऱ्याला हात लावायचा नाही. अच्चननी हा नियम सांगितला तेव्हा बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या लोकांकडे जायचं म्हणजे शहर बस भाड्यानं घ्यावी लागली असती. त्याऐवजी त्यांनी माझी स्कूटर घेतली.

सकाळी सातला फोन यायचा. "मोहिते, स्कूटर काढा. माफी मागायचीय."

ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यावर नावांची यादी. भाजीवाली, पोस्टातला माणूस, तीन शेजारी, एक डॉक्टर. बाई मागे बसायच्या, पत्ता सांगायच्या, आणि वाटेत त्या माणसाच्या चुका इतक्या तपशिलात सांगायच्या की पोचेपर्यंत मीच त्याला मारायला तयार. सगळ्यात कठीण म्हणजे त्यांच्याच वासण्याच्या सोसायटीचे चेअरमन जयंतीभाई. सोसायटी शाकाहारी. बाईंच्या कचऱ्याच्या डब्यात रोज अंड्यांची टरफलं. बाई म्हणायच्या, मी खात नाही, रंग करते. सोसायटीच्या नियमात रंगाचं अंडं आणि खायचं अंडं असा भेद नव्हता.

आम्ही दारात उभे. बाई हात जोडून म्हणाल्या, "जयंतीभाई, माफ करजो. शनिवारे में तमने उंदर कह्युं."

जयंतीभाई विरघळले. "अरे बेन, कंई वांधो नथी. आवो, पाणी पीओ. पण आ ईंडां..."

"पण?" बाईंचा आवाज एक मजला चढला. "माफीमां 'पण' क्यांथी आव्युं? मी 'पण' घातलं? मी म्हटलं का, की उंदीर म्हटलं पण तुम्ही दिसता तसेच?"

झालं. यादीतलं नाव पुसलं गेलं नाही, उलट पुढे दोन फुल्या पडल्या. जिना उतरताना बाई म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबा. परत जाऊ." एका सकाळी आम्ही जयंतीभाईंकडे चार वेळा चढलो. चौथ्या वेळी त्यांनी दार उघडलं नाही, आतूनच ओरडले, "माफ! माफ! माफ!" बाईंनी यादीवर खूण केली. "तीनदा म्हणाले. पुढच्या दोन वेळा जमा."

बलक काढून उरलेला अंड्याचा पांढरा भाग माझ्या वाट्याला येई. बाई उपाशी, त्यामुळे त्याचं ऑमलेट मी खायचं. आमच्या घरी अंडं चालत नाही. त्या वर्षांत मी येशूच्या निमित्तानं जेवढी अंडी खाल्ली तेवढी फतेगंजच्या ईंडांवाल्या हातगाडीनं सबंध दिवाळीत खपवली नसतील.

आता सॅमची गोष्ट.

बाईंनी आपल्या मंडळीसाठी एक आयकॉन केला. हात उंचावून आशीर्वाद देणारा येशू, चांगल्या सागवानी फळीवर, सव्वा वर्ष खपून. सॅम मंडळीचा सेक्रेटरी. कमिटीला ते मूर्तिपूजेसारखं वाटत होतं, पण तोंडावर नाही कोण म्हणणार? तेही मार्था पाटोळेच्या? त्यांनी आभार मानले, टाळ्या वाजवल्या आणि आयकॉन कागदात गुंडाळून जनरेटरच्या खोलीत ठेवून दिला. बाईंना सांगितलं, नवीन भिंत झाली की लावू. बाई वाट बघत राहिल्या. नवीन भिंत झाली. तिचा रंगही झाला.

त्या रविवारी मी त्यांना न्यायला फाटकाशी स्कूटर घेऊन उभा होतो. उपासना सुटली. बाई पायरीवर वाकून चपला शोधत होत्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. समोर भिंतीवर एक फळी ठोकलेली. तिच्यावर ऑइलपेंटनं, सॅमच्या वेड्यावाकड्या अक्षरात: 'चपला इथे काढाव्यात.' बाईंनी अक्षरं वाचलीच नाहीत. त्या फळीची कड बघत होत्या. कडेला खडूच्या थरांची पांढरी रेघ दिसत होती. आठ थर.

त्यांनी फळी भिंतीपासून उपटली. कशी, ते विचारू नका; मिस्त्रीला पक्कड लागली असती. उलटी केली. भिंतीकडे तोंड करून तो होता. चार महिने. खिळा आरपार.

मी ही गोष्ट कट्ट्यावर सांगतो तेव्हा खिळा तळहातातून गेला होता असं सांगतो, आणि ऐकणारे हळहळतात. खरं सांगायचं तर तो कानाशेजारून गेला होता, आणि सोन्याचा पापुद्रा उडून खाली सरसाची मलमल दिसत होती.

सॅम लोकांना निरोप देत दारात उभा होता. सुनेचे आईवडील त्या दिवशी खास सुरतेहून आलेले. बाई त्याच्यापर्यंत गेल्या आणि अशी एक ठेवून दिली की आतला हार्मोनियम आपोआप वाजला. सॅम गालावर हात धरून म्हणाला, "ताई! अगं, मागची बाजू कोरी होती ना! आणि फळी चांगली होती!"

मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला तो या वाक्यासाठी. त्यानं मुद्दाम केलं असतं तर एक वेळ समजलो असतो. त्याला खरोखरच तिथं फळीच दिसली होती.

त्या दिवसापासून चार वर्षं बाईंनी एकही चेहरा पुरा केला नाही. नियम नियम. सॅमचा राग त्यांच्यावर आणि यांचा त्याच्यावर. त्या फळ्या तयार करत, वर्ख लावत, वस्त्रांच्या घड्या रंगवत; पण मानेच्या वर नुसता मातकट हिरवा रंग, चेहऱ्याचा पहिला थर. त्यांच्या खोलीत भिंतीला टेकून सतरा बिनचेहऱ्याचे संत उभे होते. पाहुण्याला वाटावं, दाखले घ्यायला रांगेत उभे आहेत.

एकच अपवाद. अच्चनना द्यायचा आयकॉन. तो सॅमच्या भानगडीच्या आधी सुरू केलेला, आणि त्याचा एक डोळा आधीच झाला होता. मूळ फार जुनं होतं. त्यातल्या येशूचे दोन डोळे एकसारखे नाहीत. एका बाजूचा डोळा कठोर, हिशेब मागणारा. दुसऱ्या बाजूचा मवाळ. अच्चन म्हणत, दोन्ही त्याचेच. बाईंनी कठोर डोळा एका सकाळीत काढला, मुळाहूनही जास्त धाक वाटावा असा. त्याच्यासमोर मी ऑमलेट पाठ फिरवून खायचो. दुसरा डोळा काढणार, तेवढ्यात चपलांची पाटी आली. चार वर्षं तो पाट टेबलावर, एका डोळ्यानं बाईंकडे बघत.

मग अच्चनची दृष्टी जायला लागली. साखरेचा आजार. त्यांच्या लोकांनी ठरवलं की त्यांना केरळात गावी न्यायचं, तिथल्या आश्रमात. तिकीट निघालं. पुढच्या गुरुवारची गाडी, हातात नऊ दिवस. बाईंनी शब्द दिला होता, की तुमचा आयकॉन तुमच्या हातात देईन. अच्चनना अजून उजेडात, अगदी नाकाशी धरलं तर दिसत होतं. किती दिवस दिसेल ते डॉक्टर सांगत नव्हते.

मंगळवारी सकाळी फोन. "मोहिते, स्कूटर काढा."

"कुणाकडे?"

"सॅमकडे."

वाटेत बाई एक शब्द बोलल्या नाहीत. मी घाबरलो. बाई गप्प म्हणजे गाडीला ब्रेक नाहीत.

सॅमच्या फतेगंजच्या घरी बाई उंबऱ्यातच म्हणाल्या, "सॅम, मी तुला मारलं. चुकले. माफ कर."

सॅमनं पेपर खाली ठेवला. "घरात येऊन सांगतेस, ताई. मारलंस कुठे?"

"गालावर."

"जागा विचारतोय. चर्चच्या दारात. सगळ्या मंडळीसमोर. माझ्या व्याह्यांसमोर. आजही ते फोनवर विचारतात, ताईंची तब्येत बरी आहे ना. मारलंस तिथं सांग."

"आणि फळीचं?"

"फळी ती फळी."

वहिनींनी चहा आणला. तो कुणी प्यायलं नाही. कपांवर साय धरली.

बाई तिथून थेट अच्चनकडे. मी म्हटलं, घरात मागितली, झालं की! सुटला नियम! पण अच्चनना गंडवणं अवघड. ते म्हणाले, "मार्था, झगड़ा किधर हुआ? चर्च में. तो माफी किचन में कैसे होगा?"

रविवारी मी मागच्या बाकावर बसलो. पाळकांनी सूचना वाचल्या, वाढदिवस वाचले. बाई उठल्या, चालत पुढे गेल्या. माइक त्यांच्या उंचीला आला नाही, त्यांना लागतही नव्हता.

"चार वर्षांपूर्वी मी सॅमला तुमच्या सगळ्यांसमोर मारलं. मोठ्या बहिणीनं असं करू नये. चुकले मी. सॅम, मला माफ कर."

एवढंच. एक 'पण' नाही. जयंतीभाई हवे होते ऐकायला.

सॅम उठला. त्याचे डोळे भरले होते, हे खोटं बोलून चालणार नाही, भरले होते. म्हणाला, "माफ केलं, ताई." तिथंच थांबला असता तर मी त्याला आज माफ केलं असतं. पण त्यानं माइक घेतला. आणि मंडळीकडे वळून म्हणाला, "आज प्रभूनं आमच्या ताईला मूर्ती-चित्रांच्या अंधारातून बाहेर काढलंय! ती परत आपल्यात आलीय! म्हणा, आमेन!"

"आमेन!" अख्खा हॉल. टाळ्या. एकीनं तर गाणंच सुरू केलं आणि ढोलकी लागली.

मी बाकावर उभा राहिलो. तोंडात शिव्या तयार होत्या, दांडिया बाजारच्या, पिढीजात. मार्था पाटोळे! जिनं माझा डाससुद्धा गाळला नाही, तिच्या तोंडात हा माणूस आपलं वाक्य कोंबत होता, आणि तेही रडत रडत! मी बाईंच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो वर येत होता. मी प्रार्थना केली. चांगली प्रार्थना नव्हती. मी म्हटलं, देवा, बसू दे जोरात.

बाईंनी त्या हातानं पुढच्या बाकाची कड धरली. बोटं पांढरी पडली. ओठ हलत होते. काय पुटपुटत होत्या ते मला मागूनही कळलं, दोन हजार वेळा ऐकलेलं. मग त्या खाली बसल्या, गीतांचं पुस्तक उघडलं आणि गायला लागल्या. बेसूर.

परतताना मी स्कूटरवर सॅमच्या सात पिढ्या उद्धरायला घेतल्या. पहिल्या पिढीतच मागून पाठीत गुद्दा बसला.

"गप्प बसा. मला राग चढवू नका. हा समेट मला बुधवारपर्यंत पुरवायचाय."

"पण बाई, तुम्ही तिथं बोलला का नाहीत? सगळ्यांना वाटलं तुम्ही काम सोडलंत!"

"बोलले असते तर समेट मोडला असता. मग पुढचा रविवार कुठून आणू? अच्चनची गाडी गुरुवारी आहे."

ते तीन दिवस मी पहारा केला. बाईंचं कुणाशी म्हणून नवं भांडण होता कामा नये. फोन बंद. दूधवाल्यानं बेल न वाजवता पिशवी ठेवायची. मंगळवारी जयंतीभाई अंड्यांबद्दल लेखी नोटीस घेऊन जिना चढत होते. मी आडवा पडलो, अक्षरशः. म्हटलं, "साहेब, गुरुवारे झगडजो. हाथ जोडुं छुं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, नोटीस खिशात घातली आणि म्हणाले, "शुक्रवारे आवीश."

बुधवारी सकाळी उजेड खिडकीतून टेबलावर आला तेव्हा बाईंनी अंडं फोडलं. बलक एका तळहातावरून दुसऱ्यावर घरंगळवत कोरडा केला, चिमटीत धरून वरच्या पापुद्र्याला टोचला, आतलं पिवळं वाटीत सांडलं. मी स्वयंपाकघराच्या दारात. बोलायची बंदी. मातकट हिरव्यावर गेरू, गेरूवर फिकट गेरू, त्याच्यावर आणखी फिकट. केसाएवढे फटकारे, एकाशेजारी एक, आणि प्रत्येकाबरोबर तेच वाक्य. पण त्या दिवशी तो लाइटवाला सूर नव्हता. कसा होता ते मला सांगता येणार नाही, आणि मला सांगता येत नाही अशी ही आयुष्यातली बहुधा पहिलीच गोष्ट.

बाराच्या सुमाराला डोळा झाला. मग चेहऱ्याच्या दोन्हीकडे येशूचं नाव लिहिलं. नाव लिहीपर्यंत तो आयकॉन होत नाही. मी जवळ गेलो. मला मवाळ म्हणजे प्रेमळ, हसरा काहीतरी अपेक्षित होतं. तसा तो नव्हता. तो डोळा सगळं पाहून झालेल्या माणसाचा होता. खालची पापणी जरा जड, थकलेली.

बाईंनी ब्रश धुतला, पुसला, उभा ठेवला. खुर्चीत टेकल्या. आणि म्हणाल्या, "हां मोहिते. आता बोला, सॅमबद्दल काय बोलायचंय ते."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच सुरुवात केली. मूर्तीतून बाहेर काढलं म्हणे! कुणी बाहेर काढलं, तुझ्या बापानं? अर्धा तास. एकही शब्द दोनदा नाही. सतरा संतांना चेहरे नव्हते ते बरं, निदान कान तरी नव्हते. मी टेबलावरचा ओला पाट उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला.

गुरुवारी स्टेशनवर आम्ही. अच्चनबरोबर जायला कुणीतरी हवं होतं, म्हणून बाईच निघाल्या. आठ दिवसांत परत येते म्हणाल्या. पुढे तिथल्या आश्रमातल्या बायकांना शिकवायला राहिल्या, दीड वर्ष राहिल्या, आणि तिथंच गेल्या. त्या दिवशी यातलं काही ठाऊक नव्हतं. डब्यात खिडकीशी अच्चन बसले. बाईंनी साडीत गुंडाळलेला पाट सोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात नाकाला लागेल इतका जवळ धरला. आधी कठोर डोळा. मग पाट जरासा सरकवला. दुसऱ्या डोळ्याशी फार वेळ थांबले. गाडीनं शिटी दिली.

"मार्था," ते म्हणाले, "गुस्सा गया?"

"नहीं, अच्चन. गुस्सा पूरा का पूरा इधरीच है." बाईंनी छातीवर हात आपटला. "सिर्फ हाथ में नहीं उतरा."

अच्चननी पाटाला कपाळ टेकवलं. मी खाली उतरलो. गाडी हलली. खिडकीतून मला शेवटचं दिसलं ते असं: वरच्या बर्थवाला एक पैलवानासारखा इसम आपली पत्र्याची ट्रंक बाईंच्या जागेवर ठेवत होता, आणि पावणेपाच फुटांच्या मार्थाबाई त्याच्यासमोर कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. काय म्हणाल्या ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. त्यानं ट्रंक उचलली, डोक्यावर धरली, आणि गाडी फलाटाच्या टोकाला वळेपर्यंत तो ती तशीच डोक्यावर धरून उभा होता.